‘हे पुस्तक’ म्हणजे कोणते?
ख्रिस्ती प्रकटीकरणाच्या समाप्तीचा वाद आणि त्याचा भाषिक आधार

ईश्वराने मनुष्यजातीस जे सांगावयाचे ते नव्या करारातील २७ पुस्तकांबरोबर सांगून संपविले, असे मानणारा एक पक्ष ख्रिस्ती धर्मविचारात आहे. त्याच्या मते प्रेषितांच्या पिढीनंतर संदेश, अन्य भाषांत बोलणे इत्यादी कृपादाने लुप्त झाली. ही कृपादाने मंडळीत आजही चालू आहेत, असे दुसरा पक्ष म्हणतो. पहिल्यास समाप्तिवादी आणि दुसऱ्यास सातत्यवादी म्हणता येईल. भारतीय वाचकाला हा वाद प्रथमदर्शनी अपरिचित वाटणे स्वाभाविक आहे. मीमांसकांचे शब्दप्रमाण अपौरुषेय आहे. त्याला आरंभाचा क्षण नाही, म्हणून त्याच्या अखेरच्या शब्दाविषयी प्रश्नही उद्भवत नाही. ख्रिस्ती प्रकटीकरण मात्र इतिहासात, विशिष्ट माणसांच्या तोंडून, विशिष्ट भाषांत झाले असे मानले जाते. जे काळात सुरू झाले ते काळात केव्हा संपले, हे विचारणे तेथे अपरिहार्य ठरते.

या वादावर इंग्रजीत विपुल लेखन झाले आहे. प्रिन्स्टन येथील बेंजामिन वॉरफील्ड यांचा ‘काउंटरफिट मिरॅकल्स’ (१९१८), फिलाडेल्फियातील वेस्टमिन्स्टर धर्मविद्यालयाचे रिचर्ड गॅफिन यांचा ‘पर्स्पेक्टिव्ह्ज ऑन पेंटेकॉस्ट’ (१९७९) आणि वेन ग्रूडेम यांचे संदेशाच्या कृपादानावरील दोन ग्रंथ (१९८२ व १९८८) हे त्यांतील प्रमुख होत. या लेखनाचे एक वैशिष्ट्य असे की, त्यातील निर्णायक युक्तिवाद व्याकरणावर उभे केलेले असतात: कोठे एखादे लिंग, कोठे एखादा प्रयोग, कोठे एखादे दर्शक सर्वनाम. तेव्हा हा आधार भाषिक दृष्ट्या कितपत टिकतो, हे पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

सर्वांत लोकप्रिय पुरावा ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाच्या अखेरचा. या पुस्तकातील संदेशवचनांत कोणी भर घालू नये, त्यांतून काही काढू नये, अशी तंबी तेथे शापासह दिली आहे (२२:१८-१९). छापील बायबलच्या शेवटच्या पानावर ही तंबी वाचणाऱ्यास ‘हे पुस्तक’ म्हणजे हातातील संपूर्ण ग्रंथ असे वाटले तर नवल नाही. परंतु दर्शक सर्वनामाचा अर्थ त्याच्या स्थानावर अवलंबून असतो, आणि येथे स्थानच बदललेले आहे. मूळ लेखकाने ‘बिब्लिऑन’ हा शब्द योजला तेव्हा त्याच्यापुढे एकच गुंडाळी होती. २७ पुस्तके एकत्र शिवलेली पोथी त्या काळी अस्तित्वात नव्हती. शिवाय अशी तंबी ही लेखनाची एक रूढ मुद्रा आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकात ती दोनदा येते (४:२, १२:३२), आणि तिचा अर्थ ‘यापुढे कोणताही ग्रंथ नाही’ असा घेतला तर यशयापासून मत्तयापर्यंत सर्वांनाच बायबलबाहेर जावे लागेल. दुसऱ्या शतकातील इरेनियसने आपल्या एका ग्रंथाच्या अखेरीस नक्कल करणाऱ्यांना याच धर्तीची शपथ घातली होती. ती युसेबियसने उतरून ठेवली आहे. नकलनविसाच्या लेखणीवर विसंबून असलेल्या समाजात असा धाक घालणे हे ग्रंथरक्षणाचे व्यावहारिक साधन होते.

पुढे जे घडले ते अर्थपरिवर्तनाचा नमुना म्हणून पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस एका अनामिक लेखकाने फ्रिगियातील नव्या संदेष्ट्यांविरुद्ध एक ग्रंथ लिहिला. त्याचे उतारे युसेबियसच्या इतिहासात (५:१६) आहेत. आपण लिहावयास इतके दिवस का कचरलो हे सांगताना तो म्हणतो की, शुभवर्तमानाच्या नव्या कराराच्या वचनात आपण भर घालीत आहोत असे कोणास वाटू नये. तीच जुनी मुद्रा. पण तिचा विषय आता एक गुंडाळी नसून ‘नव्या कराराचे वचन’ असा विस्तारला आहे. मौज अशी की, या लेखकाला भीती वाटते ती स्वतःच्या खंडनग्रंथाविषयी! सन ३६७ मध्ये अलेक्झांड्रियाच्या अथेनेशियसने आपल्या ३९ व्या उत्सवपत्रात प्रमाणग्रंथांची यादी दिली. नव्या कराराची आज रूढ असलेली नेमकी २७ पुस्तके प्रथम याच यादीत सापडतात. यादी संपताच तो बजावतो की, यांत कोणी भर घालू नये, यांतून कोणी काही काढू नये. ‘हे पुस्तक’ या एकवचनाच्या जागी आता ‘ही पुस्तके’ हे अनेकवचन बसले आहे. संक्रमण पुरे झाले ते येथे, आणि ते योहानाच्या नव्हे, एका बिशपाच्या हातून झाले.

तरीही ते सर्वत्र सारखे झाले नाही. चौथ्या शतकातील सिनाई पोथीत ‘प्रकटीकरण’ शेवटचे नाही. त्याच्यामागून बर्नबाचे पत्र आणि हर्मासचा ‘मेंढपाळ’ येतात. पाचव्या शतकातील अलेक्झांड्रियन पोथीत क्लेमेंटच्या नावावरील दोन पत्रे त्याच्यानंतर आहेत. या पोथ्यांच्या वाचकाने तंबी वाचून पान उलटले की पुढे आणखी मजकूर होताच. सिरियाक पेशित्तात तर मुळात २२ पुस्तके होती आणि ‘प्रकटीकरण’ त्यांत नव्हतेच. ज्या वाक्याने संग्रह बंद झाला असे म्हणावयाचे ते वाक्यच संग्रहाबाहेर, असा हा प्रकार आहे.

दुसरा पुरावा करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १३ व्या अध्यायातील. संदेश रद्द होतील, भाषा थांबतील, आणि जे पूर्ण ते आले म्हणजे जे अंशमात्र ते नाहीसे होईल, असा तेथील आशय आहे. ‘पूर्ण’ यासाठी मूळ शब्द ‘तेलेइऑन’ हा नपुंसकलिंगी आहे. ख्रिस्ताचे पुनरागमन अभिप्रेत असते तर पुल्लिंग आले असते. नपुंसकलिंग आहे त्या अर्थी येथे एखादी वस्तू, म्हणजे पूर्ण झालेला शास्त्रग्रंथ, विवक्षित आहे, असे काही समाप्तिवादी लेखक म्हणतात. इंग्रजीला व्याकरणिक लिंग उरलेले नसल्याने इंग्रज वाचकावर या युक्तिवादाची छाप पडत असेल. मराठी वाचकावर ती पडू नये. मराठीत नपुंसकलिंग जिवंत आहे आणि विशेषणाचे नाम करण्याची हीच रीत आपल्या नित्याच्या बोलण्यात आहे. ‘चांगले ते घ्यावे, वाईट ते टाकावे’ असे कोणी म्हटले तर ‘चांगले काय, पुस्तक की फळ?’ असे आपण विचारीत नाही. ते नपुंसकलिंग सामान्यार्थी असते; त्यामागे कोणतेही विशिष्ट नाम दडलेले नसते. ग्रीक वाक्यातही ‘जे अंशमात्र’ आणि ‘जे पूर्ण’ ही जोडी आहे आणि एकाच्या लिंगाने दुसऱ्याचे लिंग ठरले आहे. त्यातून ‘बिब्लिऑन’ शोधून काढणे म्हणजे व्याकरणाला साक्षीस बोलावून त्याच्या तोंडी आपला जबाब घालणे होय. दोनच ओळींनंतर पौल समोरासमोर पाहण्याविषयी बोलतो, आणि ते वर्णन ग्रंथाला लावणे क्लिष्ट आहे.

याच वाक्यातील ‘पाउसोन्ताइ’ या क्रियापदावरही असाच भार घातला जातो. ते मध्यम प्रयोगात आहे, म्हणून अन्य भाषा ‘आपोआप’ थांबतील, कोणी थांबविण्याची वाट न पाहता, असा अर्थ काढतात. परंतु ‘थांबणे’ या अर्थी या धातूचा मध्यम प्रयोग तत्कालीन ग्रीकमध्ये सर्वसाधारण होता. लूकच्या शुभवर्तमानात (८:२४) वारा आणि लाटा थांबतात तेथे हाच प्रयोग आहे, आणि त्या येशूने दटावल्यावर थांबल्या आहेत. आपोआपपणाचा तेथे प्रश्नच नाही.

यहूदाच्या पत्रातील ‘हापाक्स’ (एकदाच) या क्रियाविशेषणाची कथा थोडक्यात सांगता येईल. एकदाच सोपवून दिलेला तो विश्वास आहे, ग्रंथसंग्रह नव्हे. शिवाय हेच पत्र थोड्या ओळींनंतर हनोखाच्या नावावरील पुस्तकातील वचन संदेश म्हणून उद्धृत करते, आणि ते पुस्तक इथिओपियाच्या मंडळीखेरीज बहुतेकांनी प्रमाण मानलेले नाही. इब्री लोकांस पत्राच्या आरंभीचा युक्तिवाद काळावर आधारलेला आहे: ईश्वर पुत्राद्वारे ‘बोलला’ हे ‘एलालेसेन’ रूप आओरिस्ट काळातील, म्हणून ते बोलणे एकदाच व कायमचे. पण त्याच वाक्यात, पूर्वी संदेष्ट्यांच्या द्वारे अंशाअंशाने व नाना प्रकारे बोलला, यासाठी त्याच धातूचे त्याच काळाचे कृदंत ‘लालेसास’ वापरले आहे. एकाच वाक्यात एकच काळ एकदा ‘पुष्कळदा’ आणि एकदा ‘एकदाच’ असे सांगू शकत नाही. तो फक्त क्रिया घडली एवढेच सांगतो. त्या वाक्यात पुत्राला जे अंतिमत्व आहे ते ‘या शेवटल्या दिवसांत’ या शब्दांनी आणि एकंदर विरोधाच्या मांडणीने आले आहे. काळाला त्याचे श्रेय नाही.

समाप्तिवादाच्या बाजूने सर्वांत जबाबदारीने लिहिणारे गॅफिन ही वचने निर्णायक मानीत नाहीत, हे त्यांच्याविषयी आवर्जून सांगितले पाहिजे. ‘तेलेइऑन’ म्हणजे ग्रंथसंग्रह ही उपपत्ती त्यांनी स्पष्टपणे नाकारली आहे. त्यांचा भर इफिसकरांस पत्रातील एका रूपकावर आहे (२:२०): मंडळी ही इमारत, प्रेषित व संदेष्टे हा तिचा पाया. पाया एकदाच घालतात, मजल्यागणिक घालीत नाहीत. म्हणून पायाभूत संदेशही एका पिढीबरोबर संपला. हा युक्तिवाद व्याकरणावर नसून रूपकावर चालतो आणि म्हणूनच तो अधिक प्रामाणिक आहे. त्यात एकच अडचण: रूपक किती ताणावयाचे हे रूपक स्वतः सांगत नाही. करिंथ येथील सामान्य उपासकांच्या सभेत उठून बोलणाऱ्या, नावही न उरलेल्या स्त्रीपुरुषांना पायाचे दगड मानावयाचे काय?

ग्रूडेम यांनी नेमके येथे बोट ठेवले. त्यांच्या मते पायाभूत संदेष्टे म्हणजे प्रेषितच. मूळ शब्दप्रयोगात दोन नामांना मिळून एकच उपपद आहे, म्हणून ‘प्रेषित, जे संदेष्टेही आहेत’ असा अर्थ घ्यावा. एका उपपदाचा हा नियम ग्रॅनव्हिल शार्प यांनी १७९८ मध्ये मांडला. पण तो व्यक्तिवाचक एकवचनी सामान्यनामांपुरता आहे. अनेकवचनाला तो सरसकट लागू होत नाही, आणि त्याच पत्रात पुढे (४:११) प्रेषित व संदेष्टे वेगळे मोजले आहेत. ज्या घाईचा दोष समाप्तिवाद्यांना द्यावयाचा तीच घाई येथे सातत्यवाद्याने केली आहे.

ग्रूडेम यांचा दुसरा दाखला अधिक मनोरंजक आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात (२१:११) अगब हा संदेष्टा सांगतो की, यहूदी लोक पौलाला बांधून परराष्ट्रीयांच्या हाती देतील. प्रत्यक्षात त्याला बांधले रोमन सरदाराने, आणि तेही यहूदी जमावाच्या हातून सोडवून. ग्रूडेम म्हणतात, तपशील चुकला. तेव्हा नव्या करारातील मंडळीचा संदेश हा चूक होऊ शकणारा, पारखून घ्यावयाचा संदेश होता, आणि तसा तो आज चालू राहिला तर ग्रंथाच्या अधिकाराला बाधा येत नाही. येथे प्रयोजक कर्त्याचा साधा विचार राहून गेला आहे. ‘शहाजहानने ताजमहाल बांधला’ हे वाक्य खोटे ठरविण्यासाठी त्याच्या हातात थापी नव्हती हे दाखवून भागत नाही. ज्याच्यामुळे क्रिया घडली त्याला कर्ता म्हणणे भाषांत सर्वत्र चालते. पौलाला स्वतःला तरी अगबाचे शब्द चुकलेले वाटले नसावेत: रोममध्ये तो आपली हकीकत सांगतो (२८:१७), तेव्हा आपल्याला यरुशलेमातून रोमी लोकांच्या हाती देण्यात आले असे म्हणतो, आणि धातू ‘पारादिदोमि’ हा अगबाचाच आहे. याहून बिकट गोष्ट म्हणजे अगब आपल्या वचनाआधी ‘पवित्र आत्मा असे म्हणतो’ अशी प्रस्तावना करतो. त्यातील ‘तादे लेगेइ’ हे शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात संदेष्ट्यांच्या तोंडी ‘परमेश्वर असे म्हणतो’ या अर्थी शेकडो वेळा आलेले आहेत. तोच शिक्का मारलेले नाणे जुन्या करारात पूर्ण किमतीचे आणि नव्यात निम्म्या किमतीचे, असे ग्रूडेम यांना म्हणावे लागते.

अर्थात त्यांची अडचण सहानुभूतीने पाहिली पाहिजे. त्यांना ग्रंथ बंद ठेवावयाचा आहे आणि तोंड उघडे ठेवावयाचे आहे. त्यासाठी ‘संदेश’ या एका शब्दाचे दोन शब्द करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. (मराठी भाषांतरांनीही या शब्दाशी झगडा केलेला आहे. जुन्या भाषांतरांतील ‘भविष्यवादी’ या शब्दाने सगळा भर भाकितावर टाकला. पुढे रूढ झालेल्या ‘संदेष्टा’ या शब्दाने तो निरोपावर आणला. अगबाचे वचन खरे की खोटे, हा प्रश्न पहिल्या शब्दाच्या वाचकाला जितका टोचेल तितका दुसऱ्याच्या वाचकाला टोचणार नाही.) व्यवहारात मात्र ग्रूडेम यांचे हे द्वैत अनेक ठिकाणी कोणत्याही सिद्धान्तावाचून नांदलेले दिसते. केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ मध्ये जागृतीची लाट आली, आणि तीमागोमाग तेथील मुली अन्य भाषांत प्रार्थना करू लागल्याच्या नोंदी आहेत. त्याच आवारात पंडिता रमाबाई हिब्रू व ग्रीक मुळांवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांना या कामाचा ध्यास होता. एकेका शब्दाची निवड करणारी ती लेखणी आणि शब्दकोशात न सापडणारे ते उद्गार एकाच छपराखाली होते. परंतु त्या उद्गारांतील एकही अक्षर भाषांतराच्या पानांत शिरले नाही.

वचनांचा आधार इतका तोकडा असताना समाप्तीचा सिद्धान्त इतका दृढ का झाला, याचे उत्तर व्याकरणात मिळत नाही, इतिहासात मिळते. फ्रिगियात दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात माँटेनस आणि त्याच्याबरोबर प्रिस्किल्ला व मॅक्झिमिल्ला या दोन स्त्रिया संदेश देऊ लागल्या. विरोधकांचा पहिला आक्षेप आशयावर नव्हता, रीतीवर होता: हे लोक भान हरपून बोलतात. भाषिक दृष्ट्या पाहता येथे प्रथमपुरुषी सर्वनामाचा तंटा आहे. अगबाने ‘आत्मा असे म्हणतो’ अशी चौकट घालून वचन सांगितले. एपिफेनियसने उतरून घेतलेल्या वचनांत माँटेनस चौकट गाळतो आणि ईश्वराचा ‘मी’ सरळ आपल्या तोंडून उच्चारतो. ‘मी’ म्हणणारा कोण, हे ऐकणाऱ्याला ठरविता येत नसेल तर बिशपाने कोणाला जाब विचारावयाचा? मॅक्झिमिल्लेने, आपल्याला कळपातून लांडग्यासारखे हुसकून लावले जाते, अशी तक्रार केल्याचे युसेबियसच्या उताऱ्यात आहे. तिच्या नावावरील दुसरे एक वचन एपिफेनियसने दिले आहे. त्यात ती म्हणते की, तिच्यानंतर कोणी संदेष्टा उरणार नाही, येईल तो शेवटच. सातत्यवादाची ही आद्य प्रवक्ती आपल्यापुरती समाप्तिवादीच होती.

मुराटोरी याने १७४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुटक लॅटिन यादीत हर्मासचा ‘मेंढपाळ’ खाजगी वाचनास योग्य पण मंडळीत वाचण्यास अयोग्य ठरविला आहे. कारण संदेष्ट्यांची संख्या पुरी झालेली आहे आणि ते पुस्तक अलीकडचे आहे. यादीचा काळ दुसरे शतक की चौथे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पण निकष पाहण्यासारखा आहे: ग्रंथाचा आशय चूक असे यादीकार म्हणत नाही, तो उशिरा आला एवढेच म्हणतो. ‘कानोन’ या शब्दाचा प्रवासही याच दिशेचा आहे. मूळ अर्थ मापाची काठी, मग विश्वासाचा नियम, आणि चौथ्या शतकात ग्रंथांची यादी. काठीने मोजता येते. यादीत असणे किंवा नसणे एवढेच संभवते.

वेस्टमिन्स्टर येथे १६४६ मध्ये धर्मपंडितांनी आपला विश्वासनामा तयार केला तेव्हा ईश्वराने आपली इच्छा प्रकट करण्याच्या पूर्वीच्या रीती आता बंद झाल्याचे त्यांनी पहिल्याच कलमात नोंदविले, आणि पुढे आत्म्याची नवी प्रकटीकरणे व मनुष्यांच्या परंपरा या दोहोंनाही दार बंद केले. एका दाराशी रोम होते, दुसऱ्याशी यादवी युद्धाच्या धामधुमीत उठलेले नवे पंथ. रोमने आपल्या परीने हाच प्रश्न निराळा सोडविला: सार्वजनिक प्रकटीकरण प्रेषितांबरोबर पुरे झाले, खाजगी प्रकटीकरण संभवते पण ते बंधनकारक नाही. १९०७ मधील निषेधपत्रात आणि १९६५ मधील ‘देई व्हर्बुम’ या दस्तऐवजात ही भूमिका आढळते. क्वेकर पंथाचे रॉबर्ट बार्क्ली यांनी १६७६ मध्ये ग्रंथाला दुय्यम नियमाचे स्थान देऊन झऱ्याचा मान आत्म्याला दिला.

ग्रंथ उघडा ठेवण्याचे सर्वांत धाडसी उदाहरण अमेरिकेतील मॉर्मन मंडळीचे. १८३० मध्ये तिची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ‘बुक ऑफ मॉर्मन’ प्रसिद्ध झाले. पण त्याच वर्षाच्या सप्टेंबरात हायरम पेज नावाच्या एका सभासदाने आपल्यालाही एका दगडाच्या साहाय्याने प्रकटीकरणे मिळतात असे म्हटले, तेव्हा संपूर्ण मंडळीसाठी प्रकटीकरण घेण्याचा अधिकार एकट्या जोसेफ स्मिथचा, असा निर्णय झाला. तो निर्णयही प्रकटीकरण म्हणूनच आला आणि प्रमाणग्रंथात समाविष्ट झाला. कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद खुले करणारी १९७८ मधील घोषणाही मंडळीच्या अध्यक्षाच्या मार्गानेच आली.

या दोन टोकांच्या मध्ये एक जुना दाखला पडून आहे. माँटेनसच्या पक्षाकडे झुकलेल्या टर्टुलियनने तिसऱ्या शतकाच्या आरंभी आत्म्यावर जो ग्रंथ लिहिला त्यात आपल्या मंडळीतील एका भगिनीचा उल्लेख केला आहे. रविवारच्या उपासनेत तिला दर्शने होत. ती उपासनेत मध्येच बोलत नसे. लोक निघून गेल्यावर जे पाहिले ते सांगे, आणि ते पारखून पाहण्यासाठी काळजीपूर्वक टिपून घेतले जाई. अशाच एका दर्शनाचा पुरावा टर्टुलियन आत्म्याला शरीरधर्म असतात या स्वतःच्या मताच्या पुष्टीसाठी देतो. तिचे नाव मात्र त्याने दिलेले नाही.